पंचनामा आधी, झाडलोट नंतर

बाई, आपल्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलं होतं. हे कळल्याबरोबर माझा हात फोनकडे गेला, तुमचा नंबर लावायला. स्क्रीनवर तुमचं नाव आलं तेव्हा मी भानावर आले. तुम्हाला जाऊन अजून धड महिनाही झाला नाही, आणि जे मी तुमच्याशिवाय एकटीने कधी केलं नव्हतं ते नेमकं आत्ताच करायची वेळ यायची होती.

म्हणून इथे सांगते. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, किती मुलं घडवलीत, हे सगळं केंद्राच्या दारावरच्या फलकावर लिहून झालं आहे. मी तो रोज वाचते आणि त्यात मला तुम्ही सापडत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. थोडं भांडायचंही आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते तुम्हाला आठवत असेल.

रत्नागिरीत माळनाक्याजवळ सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तुम्ही आम्हाला कॉम्प्युटर शिकवलात. पोरांना खरं काहीतरी हाताळायला मिळावं म्हणून मुंबईच्या एका कंपनीकडून सर्व्हर भाड्याने घेतलात. लांब कुठेतरी ठेवलेला, कायम चालू असणारा एक कॉम्प्युटर. आंबा बागायतदार संघाची वेबसाईट त्यावर, एका शाळेची त्यावर, आणि तुमच्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येकाचं एकेक खातंही त्यावरच. पोरं पुण्याला गेली, बोटीवर गेली, लग्न होऊन गेली, पण खातं तुम्ही कधी बंद केलं नाहीत. गणपतीला सगळी त्या खात्यातून आत यायची आणि पहिल्या पानावर एकेक ओळ लिहून जायची. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत. पहिली ओळ तुमची असायची, 'आलात का रे सगळे?'

हे सगळं ज्या सर्व्हरवर, त्यात कोणीतरी शिरलं.

आप्पांचा फोन आला. ते संघाचे अध्यक्ष, म्हणजे तुमच्याशी दर सीझनला फोटोंवरून वाद घालणारे.

"सुषमा, आंब्याच्या वेबसाईटवर पत्ते कसले गो?"

"कसले पत्ते?"

"रमीचे! दादरचं गिऱ्हाईक ओरडतंय, पेटी बघायला गेलो तर जुगार उघडतो म्हणून."

मी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर वेबसाईट उघडली. "माझ्याकडे नीट दिसतेय, आप्पा."

"तुझ्याकडे दिसून काय उपयोग? आंबे तू घेणारेस काय?"

मग मी मोबाईलवर उघडली आणि खरंच, हापूसच्या जागी पत्ते. शिरणारा हुशार होता. मोबाईलवरून येणाऱ्यांनाच तो दुसरीकडे पळवत होता, म्हणजे ऑफिसात बसलेल्याला पत्ता लागू नये. मी आप्पांना बघते म्हणाले. फोन ठेवायच्या आधी ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारू? हे बाईंच्या मागे सैल झालंय, की बाईंच्या वेळेपासूनच सैल होतं? सभेत विचारतील. मुंबईची दुसरी एक कंपनी कधीपासून मागे लागलीय आमच्या, वेबसाईट आम्हाला द्या म्हणून."

त्यात कुचकेपणा नव्हता, बाई. त्यांना उत्तर द्यायचं होतं म्हणून विचारत होते. पण तो प्रश्न काट्यासारखा आत गेला. तेव्हापासून मी एका जागी बसलेले नाही. हे लिहितानाही दोनदा उठले, सर्व्हरच्या नोंदी बघून आले.

माझा हात पहिल्यांदा सगळं पुसून टाकायलाच गेला. घाण दिसते आहे, काढून टाकू. तेव्हा तुमचा आवाज आला. पहिल्याच वर्गात तुम्ही सांगितलं होतंत की चोरी झालेल्या घरात शिरल्या शिरल्या आपल्या बायका केरसुणी हातात घेतात. पडलेलं उचलतात, लादी पुसतात, आणि पोलीस आले की त्यांना चहा देतात. ठसे काय चहाच्या कपावर मिळणार? पंचनामा आधी, झाडलोट नंतर. सगळा वर्ग हसला होता. मी नव्हते हसले, कारण आमच्याकडे चोरी झाली तेव्हा माझ्या आईने अगदी हेच केलं होतं.

तर मी वेबसाईट बाहेरच्यांसाठी बंद केली. 'दुरुस्ती चालू आहे, आंब्यासाठी फोन करा' एवढं एक साधं पान लावलं. सर्व्हरची जशीच्या तशी पूर्ण नक्कल काढून बाजूला ठेवली. मगच शोधायला लागले. आंब्यांच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये एक फाईल होती. नाव फोटोचं, पोटात प्रोग्रॅम. तीच लोकांना पळवत होती. नक्कल हातात आहे म्हटल्यावर मी ती काढली. चहा घेऊन परत आले तर फाईल होती तिथेच. पुन्हा काढली, पुन्हा आली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगो, येते म्हणजे कोणीतरी आणून ठेवतंय. फाईलच्या मागे का धावतेस, आणणाऱ्याच्या मागे जा."

आणणारा सापडला. ठरावीक वेळाने आपोआप चालणारी एक आज्ञा कुणीतरी लावून ठेवली होती, आणि ती होती समीरच्या खात्यात.

आधी मला हायसं वाटलं. तुमच्या खात्यातून नव्हे! पण समीर? मिरकरवाडा बंदरावरचा आपला समीर. बोटीवर इंजिनाकडे काम करतो, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात असतो. संघाची पहिली वेबसाईट शिकत असताना त्यानेच बांधली होती, म्हणून त्या फोल्डरमध्ये फाईल ठेवायची परवानगी त्याच्या नावावर तशीच राहून गेली होती. त्याने असं काही करणं शक्यच नव्हतं. मग त्याच्या नावाने आत आलं कोण?

आत कोण, कधी आलं हे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो. ते लॉग उघडले. समीरच्या खात्यात कुणीतरी शिरलं, त्याच्या जरा आधी आणखी तीन खात्यांचं दार वाजवून झालं होतं. आधी पल्लवी, मग महेश, मग सुजाता. तिथे दार उघडलं नाही. चौथा समीर, आणि दार उघडलं. आपल्याकडे इतकी खाती असताना हीच चार का? आणि याच क्रमाने का? ना अक्षरांप्रमाणे, ना वर्गांप्रमाणे. मी खोलीत येरझारा घालत ती नावं पुटपुटत होते. पल्लवी, महेश, सुजाता, समीर. हा क्रम मी कुठेतरी वाचला होता. वाचताना रडलेही होते.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पल्लवीने फेसबुकवर तुमच्यासाठी लिहिलं होतं. सोबत गणपतीतल्या त्या काळ्या स्क्रीनचा फोटो. 'आलात का रे सगळे?' त्या फोटोत वरच्या कोपऱ्यात सर्व्हरचा पत्ता होता, आणि खात्याचं नाव म्हणून तिचं स्वतःचं नाव. तिने लिहिलं होतं की बाईंनी मला पहिला पासवर्ड दिला तो आमच्या घरामागच्या विहिरीचा. आणि विहिरीचं नाव, पुढच्या आकड्यांसकट. खाली महेशने त्याचा शब्द सांगितला, मग सुजाताने, मग समीरने. समीरने पुढे लिहिलं होतं, 'मी तर अजून बदलला नाही, बाई.'

ज्याने कोणी ते वाचलं, त्याने वरून खाली एकेक करून बघितलं. तो कोण ते कळलं नाही. पोलिसांकडे तक्रार दिली आहे, पण त्याने रस्ता परदेशातून फिरवून आणला होता. तिघांनी शब्द कधीच बदलले होते. समीरने नाही.

म्हणजे बाई, तुम्हाला वाहिलेल्या श्रद्धांजलीतून चोर आत आला.

त्या शब्दांबद्दल लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना आम्ही वेडेच वाटू. तुमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येक मुलाला तुम्ही एकच प्रश्न विचारायचात. "तुझ्या घराजवळ असं काय आहे, जे रत्नागिरीत कुणालाही माहीत नाही?" मी राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून एस.टी.ने आले होते. कॉलेजात गावाचं नाव सांगितलं की मुली म्हणायच्या, "हे कुठे आलं?" आणि मी ओशाळून म्हणायचे, राजापूरच. आई काजूच्या कारखान्यात, वडिलांचं शिक्षण चौथी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि त्या पायरीवर मला सारखं वाटायचं की माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.  तुम्ही विचारलंत तेव्हा मी भीत भीत एक नाव सांगितलं. तुम्ही ते माझ्यासमोर टाईप केलंत, पुढे दोन आकडे घातलेत आणि म्हणालात, "हे बघ. जे कुणाला माहीत नाही तेच आपलं कुलूप. शहरातल्या माणसाला असा शब्द मिळायचा नाही."

माझं गाव कुणाला माहीत नसणं हे पहिल्यांदा कशाच्यातरी उपयोगी पडलं होतं. मी त्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसून स्वतःशीच हसत घरी गेले. तुमचे उपकार मोजायला बसले तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आता भांडण. शब्द पहिल्या आठवड्यात बदला असं तुम्ही सांगायचात, पण असं हळू सांगायचात की कुणी मनावर घेऊ नये. मी तुमच्याकडे शिकवायला लागले तेव्हापासून तुमच्या मागे होते. जुनी खाती बंद करा. शब्द बंदच करा, प्रत्येकाला चावीची फाईल द्या, ज्याच्या कॉम्प्युटरवर ती फाईल असेल तोच आत येईल. तुमचं उत्तर ठरलेलं. "आणि ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटरच नाही तो?" एकदा मी म्हटलं, मग अंगठ्याचं मशीन लावा. त्यावर तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. "तुझ्या आईचा अंगठा रेशनच्या दुकानातलं मशीन घेतं का गो?"

नाही घेत. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या आहेत. दर महिन्याला ती दहाही बोटं लावून बघते आणि मागची रांग कुरकुरते. मला राग आला होता तुमचा, आईला मध्ये आणलंत म्हणून. 

आणखी एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, ती मीच सांगते. दुसऱ्या वर्षाला आईच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि मी कॉलेज सोडून घरी बसले. कुणाला कळवलं नाही. लाज वाटत होती. एकदा राजापूरला औषधं आणायला गेले असताना स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर दिसला. सहज बसले, आपल्या सर्व्हरचा पत्ता घातला, माझा शब्द घातला. वाटलं होतं बंद झालं असेल. दार उघडलं. आत माझ्या फोल्डरमध्ये तुम्ही एक नवी फाईल ठेवली होती. 'सुषमा, पुढचा धडा. सावकाश कर.' त्याखाली त्याच्या पुढचा, आणि त्याच्याही पुढचा. मी आले नाही तरी तुम्ही दर आठवड्याला ठेवत गेला होतात.

चावीची फाईल असती तर झेरॉक्सच्या दुकानातून मी कशी आले असते? हे माहीत असूनही मी तुमच्याशी भांडत होते. कारण मीही खरंच बोलत होते. शिमग्याला गावोगाव पालख्या नाचत होत्या आणि तुम्ही कोल्हापूरच्या हॉस्पिटलात होतात. मी भेटायला आले आणि तिथेही तोच विषय काढला. तुम्ही दमला होतात. म्हणालात, "मी आल्यावर बघू." मी म्हटलं, "बघू नाही, करू." त्यावर तुम्ही हसलात की नुसतीच मान फिरवलीत, ते मला नीट आठवत नाही. रोज आठवायचा प्रयत्न करते.

आणि आता मी जिंकले आहे, बाई. दार तुमचंच सैल होतं, माझंच म्हणणं खरं ठरलं. हे असं जिंकणं कुणाला सांगू?

समीर रजेवर आला होता. मिरकरवाड्यात गेले. लिलाव आटोपले होते, तो भावाबरोबर जाळं पसरून बसला होता. मला बघून ओरडला, "या मास्तरीण! बांगडा नेणार की सुरमई?" मी बाजूला बोलावलं आणि सांगितलं. सांगू नये असंही वाटलं होतं. पण न सांगून चालणार नव्हतं, तोच शब्द त्याने आणखी कुठे वापरला असेल तर?

तो बराच वेळ हातातला दोरा गुंडाळत राहिला. "म्हणजे मीच घेतलं त्याला घरात."

"तू बाईंसाठी लिहिलंस."

"तेच तर." मग म्हणाला, "माझा शब्द म्हणजे आमच्या होडीचं नाव. बाबांनी होडी विकली, घेणाऱ्याने रंग मारून नाव बदललं. आता ते नाव कुठेच नाही. वर्षातून एकदा, गणपतीला, मी ते टाईप करायचो. बदलू कसं?"

मी त्याच्याजवळ टेकले.

"बँकेचा पण तोच ठेवलायस काय?" मी विचारलं.

"नाय. बँकेचा बायकोच्या वाढदिवसाचा."

"तो पण बदल."

"बायकोला काय सांगू?" तो हसला आणि हसता हसता तोंड फिरवून डोळे पुसले. निघताना म्हणाला, "बाई असत्या तर काय बोलल्या असत्या?"

मला सुचलं ते मी सांगितलं. "पंचनामा झाला का, एवढंच विचारलं असतं."

मग आप्पांकडे गेले. शेडमध्ये पेट्या भरणं चालू होतं, गवताचा आणि पिकत आलेल्या आंब्याचा वास कोंदला होता. त्यांनी हातानेच बस म्हटलं. "सांग. बाईंच्या मागे की आधीपासून?"

वाटेत मी खोटं तयार करत आले होते. नवीन काहीतरी बिघाड झाला, बाईंचा त्याच्याशी संबंध नाही. आप्पांना त्यातलं काही कळलं नसतं. पण तुमच्याबद्दल बोलताना मला ते जमेना.

"आधीपासून," मी म्हणाले. "एक दार बाईंनी सैल ठेवलं होतं. मी सांगितलं होतं बंद करा, त्यांनी केलं नाही."

"का?"

"शिकून गेलेलं कुणी अडलं तर परत यावं म्हणून. मी त्याच दारातून परत आले, आप्पा. नाहीतर आज काजू सोलत असते."

त्यांनी एक आंबा उचलला, फिरवून बघितला, पेटीत ठेवला. "एवढं खरं सांगायची काय गरज होती गो?" मग म्हणाले, "सीझन संपेपर्यंत राहूदे तुमच्याकडेच. मग बघू." तुमच्यासारखंच, मग बघू. संघ राहील की जाईल, मला माहीत नाही.

सर्व्हर मी साफ केला नाही, नवीनच उभा केला. तुम्हीच शिकवलं होतंत की ज्यात कोणी शिरलं होतं त्यातल्या कुठल्याच प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा नाही, मजकूर तपासून न्यायचा, बाकी सगळं सोडून यायचं. आंब्यांचे फोटो एकेक उघडून बघितले. गणपतीच्या सगळ्या ओळी आणल्या. तुमचे धडे आणले, माझ्यासाठी ठेवलेलेही. जुनी खाती आणली नाहीत. तुमचंही नाही. ते सोडून येताना मी कितीतरी वेळ बटणावर बोट ठेवून बसले होते.

आता ज्याला हवं त्याला मी चावीची फाईल देते. ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही, त्याने केंद्रात फोन करायचा. मी आवाज ओळखते, दोन प्रश्न विचारते आणि तेवढ्यापुरतं दार उघडून देते. त्रास आहे. फोन वाजला की वर्ग सोडून उठावं लागतं. तुम्ही याला होकार दिला असतात की हसला असतात, कळत नाही. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. तुमची बाजूही आता मलाच मांडावी लागते, आणि कधीकधी तुमचीच वरचढ ठरते.

परवा लांज्याकडची एक मुलगी नव्याने आली. ओढणीचं टोक पिळत उभी होती. मी तुमचा प्रश्न विचारला. तुझ्या घराजवळ असं काय आहे, जे रत्नागिरीत कुणालाही माहीत नाही? तिचा चेहरा उजळला आणि ती सांगायला लागली. मी हात वर केला. "मला नको सांगू. कुणालाच नको. तूच टाईप कर." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे किबोर्डचा आवाज येत होता, अडखळत, एकेक अक्षर.

आणि माझा शब्द. त्या दिवशी पल्लवीच्या लिखाणाखाली मी तोही लिहिला होता, बाई. पाठवणार तेवढ्यात लाईट गेली, नेट गेलं आणि लिहिलेलं पुसलं गेलं. मी शहाणी म्हणून नाही, लाईट गेली म्हणून वाचले. आता त्या शब्दाने कुठलंच दार उघडत नाही. इथे लिहिला तर कुणाचं काही बिघडायचं नाही. हा लेख लिहायला बसले तेव्हा तो यात यावा असंच मनात होतं, कारण तुमच्याबद्दल सांगायला माझ्याकडे त्याच्याहून खरं काही नाही.

तरी लिहीत नाही. तो आपल्या दोघींनाच माहीत होता. आता एकीलाच आहे.